मुदतीतली दुरुस्ती

माझी पहिली गाडी माझी नव्हती. ती संस्थेची होती, पाच वर्षांच्या करारावर मिळालेली, आणि मालकी शेवटपर्यंत संस्थेकडेच राहील असं करारात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तरी मी तिला माझीच म्हणायचे. पोपटी रंगाची, बिनगियरची स्कूटर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची जादा चाकं बसवलेली. ती दारात आली त्या दिवशी मी तीस पावलांवरच्या किराणा दुकानात गाडीवर बसून गेले आणि काडेपेटी घेऊन आले. घरात चार काडेपेट्या होत्या.

माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओनं गेले. बारावीपर्यंत भाऊ मला पाठीवर घेऊन शाळेत पोचवायचा. त्यानं कधी कुरकुर केली नाही. पण कुठं जायचं म्हटलं की आधी त्याच्या तोंडाकडं बघायची मला सवय लागली होती, आणि माझा स्वभाव असला तापट की कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं की मी आधी चिडायचे आणि मग रडायचे. पुढं कुबड्यांवर थोडं चालायला लागले, पण अंगणापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जाण्यातच जीव अर्धा व्हायचा. गाडी आली आणि कुणाच्या तोंडाकडं बघणं संपलं.

आमच्या संस्थेला तेव्हा अपंगांची सोसायटी म्हणत. दिव्यांग हा शब्द नंतर आला, पाय तेच राहिले. चौसाळ्याच्या बाहेर हायवेपासून थोडं आत पत्र्याची एक खोली आणि पुढं मोकळं मैदान, एवढंच तिचं ऑफिस. जिल्ह्यात सहकाराचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कारखाने आणि मोठे पुढारी येतात. आमच्याकडं तेवीस गाड्या होत्या, आणि गाडीची वाट बघणाऱ्या सभासदांची एक यादी. चेअरमनला तर गाडी चालवताच येत नव्हती. तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात त्यांचे दोन्ही हात मनगटापासून गेले होते. उरलेल्या दोन टोकांमध्ये पेन धरून ते लिहायचे, आणि अक्षर असं की आमच्या तलाठ्यानं लाजावं. माझ्या करारावर ते सही करत होते तेव्हा मी डोळे फाडून बघत राहिले. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बघ, बघ. बघायला कुनी मनाई न्हाई केली."

करारातल्या अटी त्यांनी कागदाकडं न बघता मला म्हणून दाखवल्या होत्या. गाडीच्या रचनेत काही बदल करायचा नाही. मागच्या सीटवर कुणाला बसवायचं नाही, कारण गाडी एकट्या धारकासाठी आहे. धारकाला गाडी चालवणं जमेनासं झालं तर ती परत घेऊन यादीतल्या पहिल्या नंबराला द्यायची. आणि मुदत संपायच्या आत यातलं काही बदलायचं असेल, तर गाडीवाले आणि यादीतले अशा सगळ्या सभासदांचा होकार लागेल. एकानं जरी नाही म्हटलं तरी बदल नाही. मी हो हो करत होते. माझं सगळं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या पोपटी रंगाकडं होतं.

तिसऱ्या वर्षी दुष्काळ लागला. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नावालाच झाला होता, पण तेव्हा विहिरींना तळ होता. या वर्षी तळालाच भेगा पडल्या. आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर एका दूध सोसायटीनं जनावरांची चारा छावणी उघडली आणि मला तिथं रोज जनावरांची हजेरी घ्यायचं काम मिळालं. सकाळी दावणीच्या रांगांमधून गाडी हळूहळू फिरवायची, कानातले बिल्ले बघायचे, मग मांडवात टेबलाशी बसून लिहायचं. बाकीच्यांना एवढं फिरायला दोन तास लागत, मला गाडीवर पाऊण तास लागे. छावणीवरचे म्हातारे शेतकरी मला बघून आपणहून बैलाचा कान धरून पुढं करायचे. हजार-बाराशे जनावरं आणि त्यांच्यामधून चाललेली मी. त्या वर्षी सगळं गाव पाण्याच्या टँकरपाठी धावत होतं आणि मी मात्र मनातल्या मनात खूश होते. हे सांगायला आजही लाज वाटते, पण खरं आहे.

त्याच उन्हाळ्यात माझा उजवा खांदा गेला. आधी नुसता दुखायचा. मग एक दिवस रेसची मूठ पिळायला हात पुढं केला आणि तो अर्ध्यावरच थांबला. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं कुबड्यांवर सगळं अंग तोललंय, खांद्याची झीज झालीय, भरून यायची नाही. कोपर टेबलावर टेकवून लिहिता येत होतं, पण हात लांब करून मूठ पिळणं आता व्हायचं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या मला ती अट आठवली. चालवणं जमेनासं झालं तर गाडी परत.

मग मी जे केलं ते आमच्यातलंच माणूस करेल. धडधाकट माणूस आपलं दुखणं सांगत फिरतो, आम्हाला लपवायचा सराव असतो. मी डावा हात आडवा नेऊन उजवी मूठ धरायला शिकले. त्याच एका हातानं रेस, त्याच हातानं ब्रेक, त्याच हातानं हँडल. उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि वरून ओढणी पसरायची. वळणावर गाडी डाव्या अंगाला ओढायची. दोनदा काटेरी कुंपणात गेले, एकदा एका म्हशीच्या पोटात. विचारणाऱ्याला मी म्हणायचे, म्हैसच मधे आली. असे चार महिने काढले.

मला पकडलं आमच्या फिटरनं. हा नांदूरघाटचा माणूस, जन्मापासून बहिरा आणि मुका. दर महिन्याला तो मैदानात येऊन सगळ्या गाड्या तपासायचा. इंजिन चालू करून त्यावर तळहात ठेवायचा आणि नुसत्या थरथरीवरून सांगायचा की कुठला नट ढिला आहे. त्याचं चुकलेलं मी कधी बघितलं नाही. त्या दिवशी मात्र त्यानं इंजिनला हातच लावला नाही. माझ्या गाडीच्या डाव्या मुठीवरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली. उजवी मूठ बघितली, ती आतल्या कडेनं झिजून गुळगुळीत झाली होती आणि बाहेरची कड नव्यासारखी होती. मग तो माझ्यापुढं उभा राहिला आणि हवेत हँडल धरून त्यानं डावा हात आडवा नेला, अगदी मी नेते तसाच. म्हशीत घुसताना मी ओठ चावते तेसुद्धा त्यानं करून दाखवलं. ते त्याला कुठून कळलं देव जाणे.

मी हात जोडायला गेले, की बाबा कुणाला सांगू नको. उजवा हात डाव्यापर्यंत पोचलाच नाही.

तो खाली बसला. धुळीत बोटानं त्यानं एक हँडल काढलं, उजव्या मुठीवर फुली मारली, डाव्या बाजूला एक लहानसा खटका काढला आणि तिथून इंजिनापर्यंत केबलची रेघ ओढली. रेस डाव्या हाताला नेता येते, असं त्याचं म्हणणं होतं. मग त्यानं चेअरमनच्या खोलीकडं बोट केलं आणि माझ्याकडं बघत राहिला. विचारल्याशिवाय तो गाडीला पान्हा लावणार नव्हता. जन्मात एक शब्द न बोललेल्या माणसानं मला असं बोलतं केलं, की त्याच दिवशी मी आत जाऊन सगळं सांगून टाकलं.

चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "चार म्हैने एका हातावर हाकलीस? हायवेला?" मी मान हलवली. "सभा घ्यावी लागंल. तुला गाडी बदलून पायजे, म्हंजी करार बदलला. यादीतला पयला नंबर हाय, त्याला बी इचारावं लागंल. मी काय बी करू शकत न्हाई."

मी विचारलं, "पहिला नंबर कुणाचा हाय?"

त्यांनी सांगितलं. कपिलधारकडच्या वाटेवरच्या एका वस्तीवर राहणारी, पन्नाशीतली बाई. लाकडी फळीला बेअरिंगची चाकं लावून त्यावर बसून हातांनी जमीन ढकलत फिरायची, आठवडी बाजारात सुया, दोरे, टिकल्या विकायची. चार वर्षांपासून ती यादीत होती. मी तिला बाजारात बघितलं होतं आणि गाडीवरून पुढं निघून गेले होते.

सभेच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं. आमच्या सभेत खुर्च्या नसायच्या. गाडीवरून उतरून पुन्हा चढण्यात निम्म्या लोकांचा दम जायचा, म्हणून सगळे आपापल्या गाडीवरच बसून मैदानात गोल करायचे. आणि आमच्यात हात वर करून मत देत नसत. पहिल्या सभेत कुणीतरी सवयीनं "हात वर करा" म्हणालं होतं आणि चेअरमनकडं बघून गप्प झालं होतं. तेव्हा तेच हसून म्हणाले होते, "हार्न वाजवा बे, सगळ्यांना हाय त्यो!" तेव्हापासून होकार असेल तर एक हॉर्न, नसेल तर गप्प बसायचं. ज्यांना गाडी मिळालेली नाही त्यांनी जवळच्या कुणाच्याही गाडीचा हॉर्न दाबायचा.

यादीतली ती पहिल्या नंबराची बाई, सगळे तिला मावशी म्हणत, सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. टेंपोवाले तिला बघून थांबत नाहीत, म्हणून ती आदल्या दिवशी सकाळीच निघाली होती, हायवेच्या कडेकडेनं, फळीवर. रात्री एसटी स्टँडच्या ओट्यावर झोपली. तळहातांना तिनं सायकलच्या टायरचे तुकडे बांधले होते. मैदानाच्या कडेला बसून ती माझ्या गाडीकडंच बघत होती. माझ्याकडं एकदाही नाही. कशासाठी आली होती ते उघड होतं, आणि मला तिचा राग आला. आपण किती हलके होतो ते अशा वेळी कळतं.

चेअरमननी माझा अर्ज वाचला. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. खांदा गेलाय, चार महिने लपवलं, आता रेस डाव्या बाजूला बसवून हवीय. मग करारातली अट वाचली. धारकाला चालवणं जमेना तर गाडी पहिल्या नंबराची. "आजच्या कागदावर," ते मावशीकडं वळून म्हणाले, "ही गाडी तुमची हाय. हे समद्यांनी नीट ऐकावं."

एक सभासद उसळला. "लपवलं कावून? एखादं पोरगं चाकाखाली आलं असतं म्हंजी? सोसायटी बंद पडली असती!"

"पायांनी गेलेली बाई हातानं बी गेली, हे सांगायला तुमच्याकडं यायचं व्हतं का मी?" मी ओरडले. माझ्या आवाजानं मीच दचकले. खरं तर त्याचं बरोबर होतं.

"झालं?" चेअरमन म्हणाले. "आता हार्न."

पहिला हॉर्न वाजायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. तो वाजवला त्याच उसळलेल्या माणसानं, माझ्याकडं न बघता. मग त्याच्या शेजारच्यानं. मग गोल फिरत एकेक. काही जाड आवाजाचे, काही बारीक, एकाची बॅटरी उतरलेली होती त्याचा नुसता किरकिरला. यादीतल्या लोकांनीही सरकत, लंगडत, एकमेकांना धरत जवळच्या गाड्यांचे हॉर्न दाबले. गाडीची वाट बघणारी माणसं माझ्या गाडीसाठी हॉर्न दाबत होती. मी तीन वर्षं या लोकांमध्ये होते आणि मला वाटत होतं की मी एकटी आहे.

मग हॉर्न थांबले. मावशी जागची हलली नव्हती.

चेअरमननी घाई केली नाही. मावशीनं डोक्यावरचा पदर ओढला आणि टायरचे हात जमिनीला लावले. बेअरिंगची चाकं खडखडत मैदान ओलांडून येऊ लागली. मधे इतक्या गाड्या होत्या, ती एकाही गाडीपाशी थांबली नाही. ती माझ्या गाडीपाशी आली.

तिनं माझ्या आधाराच्या चाकावरचा पत्रा एका हातानं धरला आणि त्या एका हातावर स्वतःचं सगळं अंग वर उचललं. पन्नाशीची बाई. दंडाची शीर ताठ झाली, चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. असं बळ मी कुठल्या पैलवानातही बघितलेलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं माझ्या गाडीचा हॉर्न दाबला आणि दाबून धरला.

खाली बसल्यावर तिला दम लागला होता. चेअरमननी विचारलं, "मावशी, जबरदस्ती न्हाई. इचार करून दाबला का?"

"दोन दिस इचारच करत आले की," ती म्हणाली. "गाडी मला पायजे. लई पायजे. पन आज ही घेतली आन् उद्या माझा हात गेला, तर हीच अट मला लावतेल. हात सोडून माझ्याकडं हाय काय?"

चेअरमननी दोन टोकांमध्ये पेन धरलं आणि माझ्या करारावर समासात लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं: कराराच्या मुदतीत सभासदाच्या शरीरात बदल झाल्यास गाडीत तसा बदल करावा, सभासद बदलू नये. त्यालाही सगळ्यांनी होकार दिला आणि तो बदल माझ्या एकटीच्या नाही, सगळ्यांच्या करारांवर चढला. तेवीस करारांवर आणि पुढं होणाऱ्या प्रत्येक करारावर. मी तेव्हापासून बरेच कागद बघितलेत, सरकारी, बँकेचे, कोर्टाचे. त्या समासातल्या ओळीइतकं मोठं वाक्य मला कुठं सापडलं नाही. आणि ते एका अशा बाईमुळं लिहिलं गेलं, जिचा स्वतःचा करार अजून झालाच नव्हता.

फिटरनं लगेच माप घेतलं, पण खटका आणि केबल बीडहून आणायची होती, चार दिवस लागणार होते. लोक पांगले. मावशीनं पाण्याचे दोन घोट घेतले, फळी हायवेच्या दिशेनं वळवली आणि हात जमिनीला लावले. पुन्हा तोच रस्ता, तेच ऊन.

"मावशी, थांबा," मी म्हणाले. "माझ्या मागं बसा."

ती थांबली. "अट हाय न्हवं?"

मी चेअरमनकडं बघितलं. चार महिने मी या माणसापासून हात लपवला होता, आता त्यांच्या समोर अट मोडणार होते. ते खोलीच्या दाराला कुलूप घालणाऱ्या माणसाला काहीतरी सांगत होते. आमच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "आज लई अटी वाचल्या. ती वाचायची ऱ्हाऊन गेली."

दोघांनी मावशीला उचलून मागं बसवलं. फळी माझ्या पायांशी आडवी ठेवली. मी सवयीनं डावा हात आडवा न्यायला लागले तशी ती म्हणाली, "त्यो हात तिकडंच ऱ्हाऊ दे." तिनं हातांचे टायर सोडले, माझ्या उजव्या काखेखालून एक हात पुढं घातला आणि रेसची मूठ धरली. हँडल आणि ब्रेक माझ्याकडं, रेस तिच्याकडं. पहिल्यांदा तिनं इतक्या जोरात पिळली की गाडी उडी मारून पुढं गेली आणि मागून सगळे ओरडले. दुसऱ्यांदा जमलं. दुसऱ्या हातानं तिनं माझा खांदा धरला होता, त्याचे घट्टे मला ओढणीतून टोचत होते.

हायवेला लागल्यावर तिची खांद्यावरची पकड घट्ट झाली. दोन्ही बाजूंना करपलेली रानं, वाळलेले उसाचे बुडखे, एक रिकामा टँकर आमच्या पुढं निघून गेला. वारा गरम होता. मला वाटलं ती घाबरली असेल, म्हणून मी मान वळवून बघितलं. पदर डोक्यावरून पडला होता, केस उडत होते आणि तिचे डोळे सताड उघडे होते. पन्नास वर्षं जमिनीपासून वीतभर उंचीवरून जग बघितलेली बाई पहिल्यांदा रस्ता वरून बघत होती.

वस्तीचा फाटा दिसला तसा मी ब्रेकला बोट लावलं. गाडी मंदावली नाही. मागचा हात मूठ सोडत नव्हता.

"मावशी, तुमचा फाटा आला."

"दिसला की," ती म्हणाली.

"घर मागं ऱ्हायलं ना!"

"ऱ्हाऊ दे," असं म्हणून तिनं मूठ आणखी पिळली, आणि मी ब्रेकवरचं बोट काढून घेतलं.